हृदयाच्या झडपेवरचा चुना

पुण्याहून पाषाणमार्गें सूसला निघालें म्हणजे वाटेंत टेकडीचा चढ लागतो. आज त्या चढाची कोणाला आठवणहि राहिलेली नाहीं. मुंबई-बंगळूर महामार्ग तेथून गेला, दुतर्फा उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि २०२१ सालीं मुळशी तालुक्यांतील हें गांव पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. मोटारीचा गिअर बदलला कीं चढ संपतो. परंतु माझे थोरले मामा सायकलीला दुधाच्या किटल्या अडकवून सूसहून पाषाणास येत, त्या काळीं हा चढ म्हणजे छातीची रोजची परीक्षा असे. पुढें मुलें दूध मोटारसायकलीवरून नेऊं लागलीं, तरी सकाळीं उठून हा चढ पायीं चढून येण्याचा मामांचा नेम सुटला नाहीं. साठी उलटल्यावरहि ते तो एका दमांत चढत. नंतर केव्हांतरी ते वाटेंतल्या एका चिंचेखालीं थांबूं लागले. त्यानंतर चिंचेच्याहि अलीकडे, एका धोंड्यावर बसूं लागले. घरांतील सर्वांनीं त्याचा अर्थ एकच लावला: वय झालें. मी शहरांत शिकलेला भाचा. मींहि तोच अर्थ लावला.

आजच्या भाषणांत मला ह्या दोन शब्दांचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण हृदयाच्या एका रोगाविषयीं वैद्यकशास्त्रानेंहि जवळजवळ नव्वद वर्षें हेच दोन शब्द उच्चारले, आणि ते पुरते खरे नव्हते.

हृदयाच्या डाव्या जवनिकेंतून रक्त महारोहिणींत, म्हणजे शरीराच्या मुख्य रक्तवाहिनींत, शिरतें. त्या दाराशीं एक झडप असते. तिला अर्धचंद्राच्या आकाराच्या तीन पाकळ्या असतात आणि एकेक पाकळी जाडीला एक मिलिमीटरहूनहि कमी असते. हृदय आकुंचन पावलें कीं पाकळ्या बाजूला सरतात व रक्त पुढें जातें. हृदय सैल पडलें कीं त्या मिटतात, आणि गेलेल्या रक्ताला मागें फिरूं देत नाहींत. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर ही उघडझांप दिवसाला एक लाख वेळां होते, आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यांत अडीचशे कोटींहून अधिक वेळां. झडप पुरी उघडली म्हणजे वाट तीन ते चार चौरस सेंटीमीटरांची होते. आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढी म्हणा ना. ह्या पाकळ्यांत कॅल्शियमचे क्षार, म्हणजे एका अर्थीं चुनाच, सांचूं लागला, त्या ताठर झाल्या, आणि नाण्याएवढी वाट सदऱ्याच्या गुंडीएवढी उरली, कीं जो रोग होतो त्याची ही कथा आहे.

ही कथा प्रथम शवविच्छेदनाच्या मेजावर वाचली गेली. सतराव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराजांच्या उदयाच्या काळीं, फ्रान्समधील मोंपेल्ये येथील वैद्य लाझार रिव्हिएर यानें एका रोग्याची हकीकत नोंदविली. रोग्याची छाती धडधडे, आणि नाडी मात्र दिवसेंदिवस क्षीण होत जाऊन अखेर हाताला लागेनाशी झाली. मृत्यूनंतर हृदय उघडून पाहिलें तों महारोहिणीच्या तोंडाशीं फळांच्या घोसासारखे गोळे दाटलेले. हृदय जोरानें ढकलीत होतें, पण दारच अडलेलें होतें. जिनीव्हाच्या तेओफिल बोने यानें १६७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या संग्रहांत पॅरिसच्या एका शिंप्याची हकीकत आहे. तो अकस्मात् मेला, आणि त्याच्या झडपेचें हाड झालेलें आढळलें. १७६१ सालीं पादुआचा मोर्गान्यी यानें आपल्या प्रख्यात ग्रंथांत अशाच कठीण झालेल्या झडपांचें वर्णन केलें. हे जुने शारीरशास्त्रज्ञ जो शब्द वापरीत तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. झडपेवर क्षार बसले, असें ते म्हणत नसत. झडपेचें हाड झालें, असें म्हणत. पुढल्या विद्वानांना ती बोलण्याची एक ढोबळ रीत वाटली. तिच्याकडे आपण परत येऊं.

आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत हृद्रोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, पण ती विभागणी दोषांवरून आणि कृमींवरून केलेली आहे. नाडीचें सूक्ष्म ज्ञान असलेल्या वैद्याच्या बोटांखालीं ही संथ, उशिरां वर येणारी नाडी अनेकदां आली असेल. तिचें मूळ तीन पाकळ्यांच्या एका दारांत आहे, हें मात्र हृदय उघडून पाहिल्यावांचून कळण्याजोगें नव्हतें.

जिवंत माणसाची झडप ऐकूं येऊं लागली ती १८१६ पासून. त्या वर्षीं पॅरिसमध्यें लाएनेक यानें कागदाची सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीला लावली, आणि त्या सुरळींतून पुढें स्टेथास्कोप जन्माला आला. अडलेल्या दारांतून रक्त जोरानें घुसतांना जो खरखरीत आवाज होतो, तो छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या बाजूस, वरच्या अंगाला ऐकूं येतो, आणि तेथून मानेच्या शिरांपर्यंत जातो. कान तयार असलेल्या डॉक्टरला तो ऐकण्यास आजहि दुसरें यंत्र लागत नाहीं. मात्र ह्या आवाजांत एक फसवणूक आहे. रोग वाढला म्हणजे आवाज वाढतोच, असें नाहीं. हृदय थकून गेलें म्हणजे तें रक्त तितक्या जोरानें ढकलूं शकत नाहीं, आणि आवाज मंदावतो. तो ऐकून बरें वाटण्यासारखें कांहीं नसतें.

आतां त्या दोन शब्दांकडे वळूं. १९०४ सालीं यॉहान गेऑर्ग म्योंकेबर्ग ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें अशा झडपांचा बारकाईनें अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानें दोन वाटा दाखविल्या. एक, पूर्वीं येऊन गेलेल्या दाहामागून होणारी विकृति. दुसरी, कोणत्याहि दाहावांचून, केवळ वार्धक्यानें व झिजेनें येणारी. दुसऱ्या प्रकारांत चुना पाकळीच्या बुडाशीं, जेथें ती वांकते तेथें, प्रथम सांचतो, आणि तोहि महारोहिणीकडील अंगाला. हें निरीक्षण आजहि खरें ठरतें. परंतु त्यावरून जें मत रूढ झालें तें असें कीं, पाकळी जुनी झाली, विटली, आणि विटलेल्या जागीं रक्तांतले क्षार आपोआप बसले.

पुण्याभोंवतालचा काळा दगड फोडला तर त्यांतील पोकळ्यांत पांढरे स्फटिक बसलेले दिसतात. लाव्हा थंड झाला, बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, पाणी झिरपत गेलें, आणि त्यांतले क्षार तेथें बसत गेले. झडपेंतील चुन्याविषयीं बहुतेक डॉक्टरांच्या मनांत हेंच चित्र होतें. चित्र सुबक होतें. पण दगडाला जीव नाहीं, पाकळीला आहे, हा फरक त्यांत हरवला. आणि जें आपोआप होतें, वयानें होतें, तें थांबविण्याचा प्रयत्न कोण करणार? केंस पांढरे होण्यावर कोणी संशोधन मागत नाहीं.

आपल्या देशांत तर ह्या मताची फेरतपासणी करण्याचा प्रसंगच फारसा आला नाहीं. आपल्याकडे झडपा बिघडत त्या मुख्यतः दुसऱ्याच कारणानें. लहानपणीं घसा येतो, त्यामागून सांधे सुजून ताप येतो, आणि तो संधिज्वर हृदयाच्या झडपांना, विशेषतः डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला, कायमचा चटका देऊन जातो. अशा झडपाहि पुढें चुनावतात. पण त्यांचा रोगी विशी-तिशींतला असतो. १९२६ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियांचा मार्ग पाडला. भारतांतील पहिलें हृदयरोपणहि त्यांनींच तेथें १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं केलें. त्या पिढीच्या शल्यविशारदांपुढें झडपेचा रोगी म्हणून प्रामुख्यानें येई तो संधिज्वराचा तरुण. म्हाताऱ्याच्या झडपेवरचा चुना हा त्या वेळीं आपल्याकडे चैनीचा रोग होता, कारण त्यासाठीं आधीं म्हातारें व्हावें लागतें. १९४१ ते १९५१ ह्या दशकांत भारतीय माणसाचें सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. त्या आंकड्यांत बालमृत्यूंचा वांटा मोठा होता हें खरें. तरी आज तो आंकडा सत्तरीच्या घरांत आहे, ह्याचा अर्थ असा कीं, ज्यांच्या पाकळ्यांना सत्तर-ऐंशी वर्षें काम करावें लागतें अशीं माणसें आतां प्रत्येक घरांत आहेत. संधिज्वर अजून गेलेला नाहीं, आणि हा दुसरा पाहुणा येऊन बसला आहे.

झिजेच्या मताला खरा धक्का १९९४ सालीं बसला. अमेरिकेंतील सिएटल येथें डॉ. कॅथरीन ऑटो व त्यांचे सहकारी यांनीं अगदीं आरंभींच्या अवस्थेंतील झडपा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. तेथें त्यांना नुसता क्षार दिसला नाहीं. पाकळीच्या आवरणाखालीं रक्तांतील स्निग्ध द्रव्यें शिरलेलीं, तीं खाण्यास आलेल्या दाहाच्या पेशी जमलेल्या, आणि त्यांच्या शेजारीं कॅल्शियमचे पहिले कण, असें दृश्य होतें. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात त्या वेळीं जें घडतें, त्याच्याशीं ह्याचें पुष्कळ साम्य होतें. पाकळीच्या घडणीची देखभाल करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या कांहीं पुढें आपला धर्म सोडतात आणि हाड घडविणाऱ्या पेशींप्रमाणें वागूं लागतात. क्षार बसत नाहीं. तो बसविला जातो. २००१ सालीं अमेरिकेंत शस्त्रक्रियेनें काढलेल्या ३४७ झडपांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेंकडा तेरा झडपांत चुना तर होताच, शिवाय पुरतें घडलेलें खरें हाड होतें. पॅरिसच्या त्या शिंप्याविषयीं बोनेनें वापरलेला शब्द सव्वातीनशें वर्षांनीं असा अक्षरशः खरा ठरला. जुन्या ग्रंथांतील एखादा भाबडा शब्द पुसून टाकतांना आपण थोडें थांबावें, असें मला अशा वेळीं वाटतें.

मग वयाचा ह्यांत संबंध नाहीं काय? आहे, फार आहे. परंतु वय ही ह्या रोगाची मुदत आहे; त्याचें कारण तेवढेंच नाहीं. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, रक्तांतील कांहीं स्निग्ध द्रव्यें, हीं सर्व त्या मुदतींत भर घालतात. शिवाय शंभरांत एखाद्या-दोघांना जन्मतःच ह्या झडपेला तीनऐवजीं दोनच पाकळ्या असतात. दोघांना तिघांचें ओझें वाहावें लागतें. त्यामुळें अशा माणसांत चुना दहा-वीस वर्षें आधींच दिसूं लागतो.

आतां ह्या रोगाच्या चालीकडे पाहूं, कारण त्याचा सारा घात त्याच्या चालींत आहे. पहिल्या अवस्थेंत पाकळ्या थोड्या जाड व कडक होतात, पण वाट अडत नाहीं. अमेरिकेंत पासष्टीपुढील लोकांची पाहणी झाली तेव्हां सुमारें चौथ्या हिश्श्याच्या लोकांत ही अवस्था आढळली. वाट खरोखर अरुंद झालेले शंभरांत दोघेच होते. जाड झालेली झडप अडतेच असेंहि नाहीं. अशा शंभर माणसांपैकीं वर्षाकाठीं दोघांच्या आसपासच पुढल्या पायरीवर जातात. पण एकदां अरुंदपणा सुरू झाला कीं चाल बदलते. झडपेंतून निघणाऱ्या रक्ताचा वेग निरोगी माणसांत सेकंदाला सुमारें एक मीटर असतो. वाट अरुंद झाली कीं तो वाढतो, जसें बागेंतल्या नळीचें तोंड अंगठ्यानें दाबलें कीं पाणी दूर उडतें. १९९७ सालच्या सिएटलच्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, हा वेग सरासरीनें दरवर्षीं सेकंदाला तीन-दशांश मीटरनें वाढतो, आणि वाट दरवर्षीं एक-दशांश चौरस सेंटीमीटरनें कमी होते. चार मीटरांचा वेग किंवा एक चौरस सेंटीमीटरहून लहान वाट म्हणजे रोग तीव्र झाला. ही सरासरी आहे. कोणाची झडप पंधरा वर्षें जागच्या जागीं असते, कोणाची पांच वर्षांत मिटत येते. म्हणून एकदां आवाज ऐकूं आला कीं ठराविक काळानें इको नांवाची ध्वनिलहरींची तपासणी करीत राहावें लागतें. त्यांत दुखत नाहीं, टोंचत नाहीं.

ह्या सगळ्या वर्षांत माणसाला काय जाणवतें? कांहींच नाहीं. दार अडलें तसें हृदय आपल्या भिंती जाड करतें, अधिक जोर लावतें, आणि घरांत कोणाला कळूं देत नाहीं. एखाद्या कर्त्या पुरुषानें कर्ज वाढत असतां दिवाळी नेहमीसारखीच करावी, तसें हें असतें. आणि मग तीन लक्षणें येतात: श्रम केले असतां धाप लागणें, छातींत दुखणें, आणि भोंवळ येऊन पडणें. १९६८ सालीं रॉस व ब्राउनवाल्ड ह्या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं ह्या रोगाच्या स्वाभाविक वाटचालीचा जो आलेख काढला, तो आजहि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकविला जातो. त्यांतली रेघ कित्येक वर्षें जवळजवळ सपाट जाते, आणि लक्षणें सुरू झालीं कीं कड्यावरून पडल्यासारखी खालीं येते. लक्षणांनंतर, उपचार न झाल्यास, सरासरी आयुष्य दोन ते पांच वर्षांचें. हृदय थकून धाप लागूं लागली असेल तर दोनच.

रोग जिवंत पेशींचा आहे हें कळल्यावर औषधाची आशा उत्पन्न झाली. रक्तांतली स्निग्धता कमी करणारीं स्टॅटिन औषधें रक्तवाहिन्यांना उपयोगी पडतात, मग झडपेलाहि पडतील, असा तर्क होता. २००५ सालीं स्कॉटलंडमध्यें आणि २००८ सालीं युरोपांतील मोठ्या चांचणींत तो तर्क हरला. चुन्याची चाल मंदावली नाहीं. २०१३ पासून लायपोप्रोटीन-ए ह्या आनुवंशिक स्निग्ध द्रव्याकडे संशोधकांची नजर लागली आहे. परंतु चुना थांबवील किंवा विरघळवील असें सिद्ध झालेलें औषध अद्यापि नाहीं. कोणी वनस्पतींचा अर्क किंवा कॅल्शियम फोडणारी पूड म्हणून विकीत असेल तर तो पैसे फोडतो, एवढेंच समजावें.

तेव्हां राहतां राहिलें दार बदलणें. १९१२ सालीं पॅरिसमध्यें त्युफिए यानें एका तरुणाच्या महारोहिणीची भिंत बोटानें आंत दाबून, तशा बोटानेंच अडलेली झडप रुंद करण्याचा प्रयत्न केला. तो तरुण वांचला ह्याचें आज आश्चर्य वाटतें. १० मार्च १९६० रोजीं बॉस्टन येथें ड्वाइट हार्केन यानें मूळ जागींच कृत्रिम झडप बसविण्यांत यश मिळविलें. ती पिंजऱ्यांत कोंडलेल्या चेंडूची झडप होती. आपल्याकडे परदेशी झडपेची किंमत हाच रोग्याचा दुसरा रोग होता. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेंत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक अपयशांनंतर देशी झडप घडविली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजीं ती प्रथम रोग्याच्या हृदयांत बसली. त्यानंतर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसविल्या गेल्या आहेत. अशा यांत्रिक झडपेबरोबर रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. डुकराच्या झडपेपासून किंवा गुरांच्या हृदयावरणापासून केलेल्या झडपांना तें बंधन कमी. पण गंमत अशी कीं, दहा-पंधरा वर्षांनीं त्यांच्यावरहि चुना चढतो, आणि तरुण माणसांत तो अधिक लौकर चढतो. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रुआँ येथें आलँ क्रिबिए यानें छाती न उघडतां, मांडीच्या रक्तवाहिनींतून नळी नेऊन झडप बसविली. तो पहिला रोगी चारच महिने जगला, परंतु ज्यांना शस्त्रक्रिया सोसणार नाहीं अशा वृद्धांसाठीं रस्ता उघडला. २०१८ पासून तशी झडप महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, वापी येथेंहि तयार होते.

वेळ संपत आली. मामांची हकीकत सांगावयाची राहिली आहे. २००९ सालीं त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं तपासणी झाली, तेव्हां डॉक्टर म्हणाले होते, "हृदयावर थोडा आवाज आहे, अधूनमधून दाखवीत चला." तो कागद मींच घडी करून ट्रंकेंत ठेवला. डोळा बरा झाला आणि कागदाची कोणाला आठवण राहिली नाहीं. २०१८ च्या हिंवाळ्यांत एका लग्नाच्या मांडवांत पंगतींतून उठतांना मामा कोसळले. इको झाला. वेग साडेचार मीटरांवर गेला होता, वाट पाऊण चौरस सेंटीमीटरहि उरली नव्हती. पैशाची अडचण नव्हती; सूसच्या जमिनीला जो भाव आला आहे त्यांत दोन गुंठ्यांत काम झालें असतें. मामा आधीं नको म्हणाले, मग तयार झाले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि तिच्या अकरा दिवस आधीं, पहाटे, ते झोंपेंतच गेले.

त्यांच्या केसपेपरची एक प्रत माझ्यापाशीं आहे. दाखल करून घेतांना एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं मामांना विचारलें होतें, "त्रास केव्हांपासून आहे?" मामा म्हणाले, "त्रास कसला? वय झालं." दाराशीं मामी उभी होती. ती पुढें आली आणि बोटांवर मोजूं लागली. धाकट्याचें लग्न झालें त्या साली ते चिंचेखालीं थांबायला लागले. नातू झाला त्या पावसाळ्यांत धोंड्यावर. गेल्या वर्षीं गणपतीपासून चढ सोडला, देवळापर्यंतच जातात. दिवाळीपासून उशाला दोन उशा लागतात. डॉक्टरीणबाई एकेक वाक्य वर्षें घालून लिहून घेत होत्या. २०१४, २०१५, २०१७, २०१८. लिहून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "इतकं सगळं ठाऊक होतं, तर आजी, आधीं कोणाला सांगितलं का नाहीं?"

मामीनें माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई."